लक्ष नसणाऱ्यांची वही

१८ मार्च. गोंडपिपरी, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा, दुपारचे साडेतीन. हजर: मी; प्रयोगशाळेचे परिचर शब्बीरभाऊ; सिंधूबाई, मांडीवर मोहफुलांची टोपली घेऊन; आणि त्यांची मुलगी प्रणाली, माझी जुनी विद्यार्थिनी. गैरहजर: एक वही. खरं तर ती माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होती, हात लांबवला तर मिळाली असती. पण मी "शोधावी लागेल" असं सांगितलं, म्हणून गैरहजर.

नोंदी ठेवायची माझी सवय जुनी आहे. माझे यजमान ऊर्जानगरला वीज केंद्रात पाळीवर असतात. शनिवारी मी तिकडे क्वार्टरवर जाते आणि सोमवारी निघताना फ्रिजवर आठवड्याची यादी लावून येते. एकदा त्यांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘श्वास घेणे – केले.’ मी हसले, पण पुढच्या सोमवारी यादी लावलीच. यादीत लिहिलेलं काम होतं, न लिहिलेलं राहतं, असा माझा अनुभव. लिहूनही राहणारं काम असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मोहाचे दिवस आले की ते काम वर येतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या रस्त्यावर सकाळी गाडीवरून जाताना एका वळणावर वास लागतो. गोड, थोडा आंबूस, अंगावर येणारा. पळस तोवर संपत आलेला असतो, धानाच्या बांध्यांत नुसती धसकटं उरलेली असतात, आणि धुऱ्यांवरचे, म्हणजे शेतांच्या बांधांवरचे, मोह पानं गाळून उघडे उभे असतात. बाहेरून आलेल्या शिक्षकांना तो वास डोक्यात जातो. मी इथलीच, चंद्रपूरच्या परकोटाच्या आत वाढलेली, पण बाजारात मोह विकायला बसलेल्या बाया लहानपणापासून पाहिल्या. मला तो वास आवडायचा. आता तो आला की मी गाडीचा वेग वाढवते.

सिंधूबाई दरवर्षी पहिली टोपली मला आणून देतात. आजही आणली. वरचं फडकं काढून मूठभर फुलं माझ्या ओंजळीत ठेवली. मोहाचं फूल हातात घेतलं की फुलासारखं वाटतच नाही. फिकट पिवळी, जाडसर कातडीची, रसाने भरलेली एक छोटी पिशवी. रात्रभर देठाशी सैल होत राहते आणि पहाटे आपसूक सुटते. दाबली तर बोटं चिकट होतात. प्रणालीला मी एकदा वर्गात हेच उदाहरण दिलं होतं. उदाहरण चांगलं होतं. माझी उदाहरणं नेहमीच चांगली असतात.

ते उदाहरण पुटिकांचं होतं. चेतापेशीचं टोक आणि पुढची पेशी एकमेकींना चिकटलेली नसतात, मध्ये बारीक फट असते. निरोप विजेच्या रूपात टोकापर्यंत धावत येतो आणि तिथे अडतो. मग काम पुटिकांचं. रसायनाने भरलेल्या त्या अतिसूक्ष्म पिशव्या टोकाच्या आत गोळा झालेल्या असतात, काही तर भिंतीला टेकून तयारच. निरोप आला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिकेच्या आवरणातलं एक प्रथिन त्याला ओळखतं, आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी पुटिका भिंतीत मिसळून आतलं रसायन फटीत सांडते. पलीकडच्या पेशीला निरोप पोचतो. मी फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढायचे आणि मुलांना सांगायचे, की पिशवी भरणं हा भाग सोपा. ती कधी सोडायची आणि कधी धरून ठेवायची, हे ज्याला कळतं ते प्रथिन खरं महत्त्वाचं. अठरा वर्षं सांगत होते. आकृतीला नावं देता येणं आणि ती गोष्ट समोर घडताना ओळखता येणं यातलं अंतर मी कधी मोजलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी प्रणाली अकरावीत होती. तिसरा बाक, खिडकीची बाजू. गाव जंगलाच्या कडेला, सकाळच्या एसटीने यायची, दोन वेण्या, ओढणी नीट पिन केलेली. हुशार म्हणावी अशी, पण मधूनच तिचं बिनसायचं. शिकवत असताना मी पाहायचे तर ही खिडकीकडे बघत बसलेली. डोळे उघडे, चेहरा कोरा, डाव्या हाताची बोटं वहीचा कोपरा चोळताहेत. हाक मारली तर ऐकू नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारली की घोट गिळल्यासारखं करून माझ्याकडे बघायची आणि भलतंच उत्तर द्यायची. मुलं हसायची. मार्च लागल्यावर मुलांनी मोहाच्या दारूवरून त्याला नावच दिलं: "मॅडम, हिले मोह चढला." वर्ग हसला आणि, हे लिहायलाच हवं, मीही हसले. मोठ्याने नाही. पण मुलांना दिसेल इतकं.

माझ्याकडे तेव्हा एक वही असायची. दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेली. कव्हरवर मी चिठ्ठी चिकटवली होती: ‘लक्ष नसणारे’. तासाला कोण झोपलं, कोण बोललं, कोण हरवलं, त्याची वेळेसह नोंद. शब्बीरभाऊ तिला माझी सीआयडी वही म्हणायचे. आमच्या शाळा-कॉलेजात कुणी असं करत नाही आणि म्हणूनच मला तिचा अभिमान होता. पालकसभेत पालकांसमोर पान उघडून दाखवलं की बोलणं संपायचं.

प्रणालीच्या नोंदी वाढल्या तेव्हा मी कारण शोधलं आणि ते मला लगेच सापडलं. मोहाच्या दिवसांत त्या गावच्या बाया पहाटे चारला निघतात. फुलं पहाटे पडतात, उशीर झाला की गुरं खातात, नाहीतर ऊन लागून चुरतात. बॅटरी घेऊन, घोळक्याने, वाघाच्या भीतीने मोठमोठ्याने बोलत जायचं. त्या बोलण्यात गावातल्या सगळ्या सुनांचा हिशेब होतो असं सिंधूबाई सांगायच्या. प्रणालीही त्यांच्यासोबत जायची, दोन तास वाकून वेचायची, मग अंघोळ करून एसटी धरायची. पोर वर्गात झोपणार नाही तर काय? कारण कळलं, आता उपाय. मी एका रविवारी स्कूटरवर त्यांच्या घरी गेले.

अंगणभर मोह वाळत घातलेला होता. मला खाटेवर बसवलं, कोरा चहा दिला. वडील बैलांकडे होते, ते लांबूनच हात जोडून हसले. मी वही उघडून नोंदी वाचल्या. सिंधूबाई पदराचं टोक दातात धरून ऐकत होत्या. मग मी कागद काढून त्यांच्या घराच्या कामांची नवी वाटणी करून दिली. कुणी सांगितली नव्हती. पहाटे वेचायला फक्त सिंधूबाई आणि त्यांची जाऊ. प्रणाली सहापर्यंत झोपेल. तिच्या वाट्याचं काम दुपारी, कॉलेजातून आल्यावर: झाडाखालचा पाला झाडून गोळा करायचा आणि जाळायचा. जंगलात तसं जाळायला मनाई आहे, पण त्यांची दोन झाडं स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर होती. पाला जाळून जमीन काळी केली की पहाटे पडलेलं पिवळं फूल अंधारातही दिसतं, वेचायला सोपं जातं. काम हलकं, एकटीने होण्यासारखं. मी त्यापुढे तिचं नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"तुमी मनता तं तसंच करू बाई," सिंधूबाई म्हणाल्या. "पोरगी शिकली पायजे."

प्रणाली मला स्कूटरपर्यंत सोडायला आली. हँडलच्या आरशात स्वतःकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मले वर्गात झोप नाई लागत. मंधातच कुठी तरी गेल्यावानी वाटते. मंग तुमी आवाज देता तवा समजते."

मी किल्ली फिरवली. "कुठे जातेस गं? मोहाखाली?" असं विचारून हसले. मी हसले म्हणून तीही हसली. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या बाईला मूल पुन्हा एकदा सांगून बघतं. हसणाऱ्या बाईपुढे बोलणं तिथेच संपतं.

आठ दिवसांनी ते झालं. नंतर सिंधूबाईंनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथे होते असं वाटतं. दुपारी दोनचं ऊन. दोन झाडांमध्ये शंभरेक पावलांचं अंतर. एका झाडाखाली त्या झाडत होत्या, दुसऱ्याखाली प्रणालीने ढीग पेटवला होता. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. त्यांनी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. पोरगी फुगली असेल असं वाटलं. पुन्हा हाक मारली. मग वासात काहीतरी वेगळं आलं आणि त्या धावल्या. प्रणाली ढिगाजवळ उकिडवी बसली होती. उजवा हात जळत्या पाल्यात होता. डाव्या हाताची बोटं ओढणीचं टोक चोळत होती.

ओढणीने पेट घेतला नाही, हे सिंधूबाई दरवेळी सांगतात, जणू त्यासाठी कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळलं. त्या दिवसाची माझी नोंद वहीत आहे. ‘प्रणाली गैरहजर. हात भाजला. काळजी घेत नाही.’ निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. ही नोंद मी अनेकदा वाचलीय. तिच्यात माझ्या कागदाचा, वाटणीचा, रेघेचा कुठे उल्लेख नाही. मी लपवलं असंही नाही. मला ते आठवलंच नव्हतं, आणि लपवण्यापेक्षा मला ते वाईट वाटतं.

पुढचे दोन दिवस मी बारावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत शब्बीरभाऊ काचपट्ट्या पुसत होते. त्यांचं घराणं इथल्या बाजारात पेट्या-ट्रंका दुरुस्त करणारं. ते स्वतः दहावीनंतर या प्रयोगशाळेत लागले आणि पंचवीस वर्षं माझ्यासारख्यांचे तास मागच्या दारात उभं राहून ऐकत आलेत. पट्टी उजेडाकडे धरून ते म्हणाले, "मॅडम, एक बात पुछू का?"

मी मान हलवली.

"तुमी दरसाल शिकवता. गरम तव्याले हात लागला का डोक्याले समजाच्या आंधी हात मांगं येते. मंग त्या पोरीचा काऊन नाई आला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्वचा, संवेदी चेता, मेरुरज्जू, प्रेरक चेता, स्नायू. पण त्या साखळीत तिचा हात बसेना. मी म्हटलं, झोप लागली असेल, पहाटे उठायची सवय आहे तिला.

"झोपेत बी येते ना मॅडम," ते म्हणाले आणि पुढची पट्टी उचलली.

ते पुसत राहिले. मी खणातून वही काढली आणि पहिल्यांदाच फक्त तिच्या नोंदी, एकीखाली एक, वाचल्या. ‘अकरा वीस. लक्ष नाही. डाव्या हाताने वहीचा कोपरा चोळते. हाका तीन.’ ‘दहा पाच. खिडकीकडे. घोट गिळल्यासारखं. उत्तर भलतंच.’ ‘अकरा पन्नास. लक्ष नाही. कोपरा. मुलं हसली.’ ‘तेच. डाव्या हाताने ओढणी.’ अशा चौदा. मुलाचं लक्ष नसतं तेव्हा ते दर वेळी वेगळ्या तऱ्हेने नसतं: एकदा बाहेर कुत्रं, एकदा शेजारणीची बांगडी. हिचं चौदाही वेळा एकाच तऱ्हेने नव्हतं. एकच प्रयोग चौदा वेळा झाला होता, निरीक्षणं नीट होती, आणि निष्कर्षाच्या जागी मी चौदा वेळा तोच चुकीचा शब्द लिहिला होता. अशी जर्नल माझ्याकडे आली असती तर मी सही केली नसती.

पुढचं मी भराभर केलं. माझ्या हातून भराभरच होतं. चंद्रपूरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, हाताचं ड्रेसिंग आणि ही तपासणी एकाच फेरीत बसवली, एसटीत दोघींना खिडकीजवळ बसवलं. डॉक्टर माझ्याहून तरुण होते. त्यांनी वही पान उलटत शांतपणे वाचली, मग म्हणाले, "इतकी व्यवस्थित नोंद माझ्याकडे कुणीच आणत नाही. वेळ, कोणता हात, किती हाका. मॅडम, निम्मं निदान तुम्हीच केलंय." मग वही मिटली. कव्हरवरची चिठ्ठी त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही, वही उलटी करून टेबलावर ठेवली.

मेंदूचा आलेख काढला. मिरगीचाच एक प्रकार निघाला. सिंधूबाईंना ते पटेना. पोरगी कधी पडली नाही, तोंडाला फेस आला नाही, मग मिरगी कशी? डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी मध्येच सगळ्या मिळून निरोप सोडायला लागतात, तेवढा वेळ ती जागी दिसते पण तिथे नसते. हात चटका बसून मागे आला तरी ती तिथे नसल्याने पुन्हा त्याच जागी जाऊ शकतो. असे रुग्ण चुलीवर, स्टोव्हवर भाजून येतात. मग गोळीचं सांगितलं. पुटिकेच्या आवरणावर एक प्रथिन असतं, ही गोळी रक्तातून मेंदूत जाते आणि त्या प्रथिनावर जाऊन बसते. तिथे बसून नेमकं काय करते ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण अवेळी सुटणारे निरोप त्याने आवरतात. सुरुवातीला चिडचिड होईल, तर घाबरू नका, मला कळवा, गोळी मनाने बंद करू नका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुटिका तुम्हाला सांगायला नकोतच. शिकवत असाल."

मी हो म्हणाले.

बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन प्रणाली ऐकत होती. तिने विचारलं, "मंजे सर, माझं लक्ष होतं?"

"होतं," डॉक्टर म्हणाले. "तुझं लक्ष होतंच. मधेच लाईन जायची."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. डोळे भरून, आनंदाने, जणू माझीच एक काळजी मिटली. तिला वाटलं, हे ऐकून मॅडमला किती बरं वाटेल. ती नजर मी कुठल्याही वहीत लिहिलेली नाही.

गोळी लागू पडली. दोन महिने ती सगळ्यांवर खेकसली, आईवर, काकूवर, बैलांवरही, सिंधूबाई म्हणायच्या, "आता हिले खरंच चढली." मग तेही उतरलं. अकरावीची परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिली, बारावी स्वतः लिहिली, डाव्या हाताने. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत, तळव्यावरची कातडी ओढलेली आहे. आता ती चंद्रपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. काचपट्टीवर आच्छादन काच ठेवताना ती डावा हात वापरते. मी पाहिलंय. बुडबुडा येत नाही.

आणि मला काय मिळालं? शिक्षक दिनाला शाल आणि श्रीफळ. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, की एका जागरूक शिक्षिकेने नोंदी ठेवल्या म्हणून एका मुलीचा आजार वेळेत ओळखला गेला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत सिंधूबाई रडत होत्या. माझ्या हातात माईक दिला होता. मी म्हणाले, सगळ्यांनी मुलांकडे लक्ष द्यावं. एवढंच म्हणून खाली बसले. मागच्या दारात शब्बीरभाऊ उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणखी एक गोष्ट केली, ती कुणाला माहीत नाही. नवी वही आणली आणि प्रणालीच्या नोंदी तिच्यात उतरवायला घेतल्या. वेळ तीच, निरीक्षण तेच, फक्त ‘लक्ष नाही’च्या जागी ‘भान नाही’. एका शब्दाचा तर फरक. चार नोंदी झाल्या. पाचव्या नोंदीत ‘मुलं हसली’ होतं, ते गाळलं. मग पान उलटता उलटता ‘काळजी घेत नाही’ला आले आणि तिथे कोणता शब्द घालावा ते मला सुचेना. वही बंद केली. आता तिच्यात रसायनांचा साठा लिहिते. पहिली चार पानं फाडलेली आहेत.

आज प्रणाली त्या जुन्या वहीसाठीच आली होती. शनिवारी तिला वर्गापुढे विषय मांडायचा आहे. विषय तिनेच निवडला: पुटिकेवरचं ते प्रथिन, ज्यावर तिची गोळी जाऊन बसते. तिने चित्रं काढून आणली होती, माझ्यासारखीच, रंगीत. पुटिका तिने मोहाच्या फुलासारख्या काढल्या होत्या, देठासकट. "तुमचंच उदाहरण आहे," म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, मले ती वही पायजे. सुरुवातीले तिचाच फोटो लावतो. माझ्या मॅडमनं कसं लिहून ठेवलं होतं ते पाहू दे साऱ्याईले." तिने ती वही कधी आतून पाहिलेली नाही. तिच्या मनात त्या वहीचं काय नाव असेल मला ठाऊक नाही. कव्हरवरचं नक्कीच नसेल.

मी म्हटलं, शोधावी लागेल.

शब्बीरभाऊ परीक्षानळ्यांची जाळी उचलत होते. "मॅडमची वही कधी हरपत नाई," ते जाळीकडे बघत म्हणाले आणि नळाकडे निघून गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सिंधूबाईंनी टोपली खाली ठेवली, लेकीचा उजवा हात नेहमीसारखा स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि दरवर्षी मोह आणताना म्हणतात तेच म्हणाल्या: "काय सांगू बाई, माचिस मीच देली हिच्या हाती. मायनंच पोरीले आगीपाशी बसवलं."

"झालं ना आता, आई," प्रणाली म्हणाली.

त्या कागदाबद्दल सिंधूबाई कधीच बोलत नाहीत. त्यांना वाचता येत नाही, पण त्या दिवशी मी तो मोठ्याने वाचून दाखवला होता, प्रत्येकाच्या नावासकट. त्या विसरल्या असतील का? की आठवत असूनही माझी लाज झाकतात, आणि ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन वर टोपलीभर मोह आणून देतात? दोन्हीपैकी काय खरं असेल तर मला कमी त्रास होईल, याचा मी विचार करते आणि मग लक्षात येतं, की हा विचारही मी माझ्याच सोयीचा करतेय. तीन वर्षं एक वाक्य माझ्या ओठांच्या आतल्या बाजूला टेकून तयार आहे. दर मार्चमध्ये सिंधूबाई समोर बसून हेच बोलतात, म्हणजे निरोप तर येतोच. माझ्याकडून काही सुटत नाही. आजही मी इतकंच म्हटलं, की मोह यंदा चांगला भरलाय.

साडेचारच्या एसटीने त्या गेल्या. शब्बीरभाऊंनी खिडक्या लावल्या, एक उघडी ठेवली, कारण टोपलीचा वास खोलीभर झाला होता.

आजच्या यादीत सात कामं होती. सहांपुढे बरोबरची खूण आहे: बारावीच्या जर्नल कपाटात, सूक्ष्मदर्शकांना कव्हर, रसायनांची मागणी, तशीच आणखी तीन. सातवं काम गेली तीन वर्षं पान बदलून पुढे येतंय. पहिल्या मार्चमध्ये ते पूर्ण वाक्य होतं. दुसऱ्या वर्षी ‘प्रणाली, वही’ एवढं उरलं. यंदा नुसतं ‘वही’. कुणी माझी यादी पाहिली तर दुकानातून आणायची वाटावी.

आत्ता ते खोडून नीट लिहिलं. प्रणालीला जुनी वही आहे तशी देणे, कव्हरसकट. स्कूटरजवळ तू मला सांगितलं होतंस आणि मी हसले, हे तिला सांगणे. पाला पेटवायला हिला बसवा असं कागदावर मी लिहिलं होतं, माचिस तुमची नव्हती, हे सिंधूबाईंना सांगणे. एका कामाची तीन झाली. मुदत शनिवारच्या आत, म्हणजे उद्या सकाळच्या एसटीने त्यांच्या गावी जायला हवं.

डावा खण उघडा आहे. वही वर काढून टोपलीशेजारी ठेवली आहे. तिन्ही कामांपुढची जागा कोरी आहे.